डाव्या दिव्याचा मोतीबिंदू

मी एका पांढऱ्या मोटारीचा डावा दिवा बोलतोय. जरा पुढे येऊन उभे राहा. लांबचं मला आत्ताआत्ताच दिसायला लागलंय, अजून सवय नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तेव्हा मी इतका नितळ होतो की तपासणारी बाई माझ्यात बघून केस सारखे करायची. पुढे मालकांच्या घरी आलो. त्यांनी सीटवरचं प्लास्टिक आजतागायत काढलेलं नाही. मला मात्र अकरा वर्षं उन्हाकडे तोंड करून उभं केलं. सीट कोऱ्या राहिल्या, मी पिवळा पडलो.

एका सोमवारी मेकॅनिकने माझ्यावर टिचकी मारली. "काका, दोन्ही दिवे गेले. शनिवारी नवे आणतो, हे भंगारात टाकू."

"भंगारात? अरे, नुसते मळलेत. मी घरीच साफ करतो."

"करा की. नाही जमलं तर मी आहेच." तो अशा प्रेमाने 'मी आहेच' म्हणाला की माझ्या बल्बची तार हलली.

मालकांनी आधी टूथपेस्ट चोळली. दिवसभर माझ्या तोंडाला छान वास आला, पिवळेपणा तसाच. मग त्यांनी पॉलिश पेपरचा संच आणला. माझ्या कडेने चिकटपट्टी लावली, बादली भरली, स्टूल मांडलं. फक्त पाकिटावरच्या सूचना वाचल्या नाहीत. सूचना वाचणं त्यांना अपमानास्पद वाटतं.

पेपरांवर आकडे होते. मोठा आकडा म्हणजे जास्त खरखरीत, असं ठरवून ते तीन हजारापासून उतरत चारशेवर आले. शेवटचा पेपर बोटांना बोचला तेव्हा "नवा आहे म्हणून" असं पुटपुटत त्यांनी तो अर्धा तास घासला. मी न्हाणीघराच्या काचेसारखा पांढराफटक झालो. पिवळा होतो तेव्हा निदान माणूस आणि खांब वेगळे ओळखू यायचे.

मालकीणबाई बाहेर आल्या. "अहो, याला मोतीबिंदू झाला की!"

"वाळला की जाईल."

"वाळायला तो काय टॉवेल आहे?" त्यांनी पाकीट उलटं केलं. "आकडा मोठा तेवढा पेपर मऊ. तुम्ही सगळं उलटं केलंत."

"मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलंय, म्हणून तर मी वाचलं."

बाईंनी बाह्या सारल्या. पाणी मारत चारशेपासून चढत तीन हजारापर्यंत गेल्या, मग पॉलिश, वर उन्हापासून जपणारा लेप. मला दिसू लागलं. सर्वांत आधी दिसलं मालकांचं पडलेलं तोंड. माझा उजवा भाऊ मात्र राहिला. चारशेचा पेपर माझ्यावरच फाटला होता.

शनिवारी मेकॅनिक वाकून बघत राहिला. "नवाच दिसतोय! कुणी केला?"

"आम्ही," मालक म्हणाले. खिडकीत कुणीतरी खोकलं.

"पण काका, याच्याशेजारी उजवा आता फारच वाईट दिसतो. तो तरी बदलूच."

"संध्याकाळपर्यंत थांब. मी संच घेऊन येतो."

उजवा आणि मी एकाच मिनिटाला जन्मलो, तरी आज पहिल्यांदा त्याने मला दादा म्हणून हाक मारली, "दादा, तुला दिसतंय ना? पाकीट कुणाच्या हातात आहे, तेवढं सांग."

फाटकातून मालक येताहेत. पाकीट त्यांच्याच हातात आहे, आणि ते स्टूल शोधताहेत.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचा आवाज मोठा असेल, तर कृपा करून बाईंना हाक मारा.