इंग्रिडबाईंची लाकडी नळी

मित्रांनो, पहिल्यांदा पाहणाऱ्यांना मी बुद्धिबळातली मोठी सोंगटी वाटते. एका मुलाने तर मला तोंडाला लावून फुंकूनही पाहिले होते! पण मी खेळणे नाही आणि पिपाणीही नाही. मी एक जुनी लाकडी नळी आहे. वीतभर लांब, एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखी रुंद. माझे रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचे, चपट्या टोकाला आपला कान लावायचा आणि माझ्यावरचा हात सोडून द्यायचा. मग पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. उशीखाली घड्याळ ठेवले की जसे वाजते ना, अगदी तसे.

माझा जन्म नॉर्वे नावाच्या थंड देशातला. एका म्हाताऱ्या कातारी माणसाने बर्च नावाच्या झाडाच्या लाकडातून मला कातून काढले, तेल चोळून गुळगुळीत केले आणि आपल्या पुतणीच्या हाती दिले. "तिकडे वीज असेल, नसेल. हिला लागत नाही," एवढेच तो म्हणाला. ती पुतणी म्हणजे इंग्रिड. नर्सचे काम शिकलेली, सव्वीस वर्षांची. पन्नास वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्यात सेवा करायला ती सोलापूरला आली आणि तिच्या ट्रंकेत लोकरी मोज्यांच्या शेजारी मीही आले. त्या मोज्यांचा इथे काडीचाही उपयोग झाला नाही.

आम्ही आलो तो मार्च महिना होता. ऊन इतके की मी तडकते की काय, असे मला वाटले. दोन आठवड्यांनी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. चर्चमध्ये तीन तास उपासना चालली. त्यातले चारच शब्द इंग्रिडला कळले. खोलीवर येऊन ती खूप रडली. पण दोन वर्षांत ती दारात आलेल्या बायकांना "या की, बसा की," म्हणू लागली आणि सगळे तिला इंग्रिडबाई म्हणू लागले.

मग आमचे काम सुरू झाले. कधी बैलगाडीने, कधी एसटीने, पुढे दवाखान्याच्या जीपने आम्ही अक्कलकोट, दुधनीकडच्या गावांत फिरलो. बाई आधी पोट चाचपून बाळाची पाठ कुठे आहे ते शोधत, मनात छोटी प्रार्थना करत आणि मग मला टेकवत. ती प्रार्थना कुणावर लादलेली नसे. पण अकबरी नावाची एक विडी वळणारी बाई होती, ती चारही बाळंतपणांत हटकून म्हणाली, "बाई, पहले अपने खुदा को बोलो, बाद में नळी लगाव!" पहिला ठोका सापडला की बाई आईकडे पाहून हसत. त्या हसण्यासाठी बायका मैलभर चालत येत. "बाईंची नळी लावली का?" असे सासवा सुनांना विचारत. मला फार अभिमान वाटे.

पुढे दवाखान्यात सेलवर चालणारे यंत्र आले. पोटावर ठेवले की ठोके सगळ्या खोलीला ऐकू येत. सलोमी नावाची नवी नर्स आली होती, सोलापूरच्याच चर्चच्या मंडळीतली, हुशार, चटपटीत. तिने मला हातात घेऊन विचारले, "बाई, हे कुठल्या काळातलं हो?" आणि मी खणात गेले. जुने रबरी शिक्के आणि पिवळ्या पडलेल्या पट्ट्या यांच्या सोबतीत माझी नऊ वर्षे गेली.

मग एका वर्षी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, बाईंनी मला बाहेर काढले. खोलीचे दार लोटून त्यांनी मला टेबलावरच्या घड्याळावर उभे केले आणि कान लावला. मग दुसरा कान लावला. किती तरी वेळ त्या तशाच वाकून होत्या. घड्याळ चालू होते, पण बाईंना ते ऐकू येत नव्हते. त्यांनी मला पिशवीत ठेवले आणि कुणाला काही सांगितले नाही. सांगितले असते तर मिशनने त्यांना निवृत्त करून परत पाठवले असते, अशी त्यांना भीती होती. आणि परत कुठे जायचे? तिकडे आता त्यांचे कुणीच उरले नव्हते.

दोन वर्षांनी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुधनीजवळच्या एका धनगरवस्तीवर तपासणी होती. बाई आणि सलोमी जीपमधून उतरतात न उतरतात तोच राजाबाई नावाची म्हातारी पुढे धावली.

"बाई, आमच्या सुनंचं बाळ सकाळधरनं हललंच न्हाय. लई भ्या वाटतंय की!"

सून ऋतुजा खाटेवर पडून होती. नववा महिना, पहिलटकरीण. चेहरा पांढराफटक. सलोमीने यंत्र काढले, पण ते सुरूच होईना. सेल बदलले, थोपटून पाहिले, तरी नाही. खडबडीत रस्त्यावर जीपचे धक्के ऋतुजाला सोसवतील असे सलोमीला वाटेना, म्हणून तिने १०८ ला फोन केला. गाडी यायला पाऊण तास लागणार होता.

बाईंनी पिशवीतून मला काढले. त्यांनी पोट चाचपले, बाळाची पाठ शोधली, मला टेकवले आणि कान लावला.

मित्रांनो, पोटातले ठोके मी स्वतः ऐकत नाही. मी फक्त पोचवते. पण बाईंचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. राजाबाईनेही पाहिला.

"का वो बाई? का बोलंना तुमी?"

ऋतुजा हुंदके देऊ लागली. तेव्हा बाई ताठ झाल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सलोमी, मला ऐकू येत नाही. आजचं नाही, दोन वर्षं झाली. मी लपवलं. तू ऐक."

सलोमीने मला हातात घेतले. "बाई, मला नळीची सवय नाही..."

"कान लाव. हात सोड. श्वास रोख."

बाहेर मेंढरे ओरडत होती. राजाबाई दारातून मुलावर खेकसली, "सिद्धराम, मेंढरं लांब न्हे की!" मग सगळे गप्प झाले. सलोमीने कान लावला. काही नाही. बाईंनी मला दोन बोटे खाली सरकवले. सलोमीने डोळे मिटले.

आणि मग तिचे एक बोट खाटेच्या माचव्यावर हलू लागले. टक, टक, टक, टक. भरभर आणि एकसारखे.

बाईंना ते बोट दिसले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरले आणि मोजले. एका मिनिटाला एकशे चाळीस. अगदी हवे तेवढे. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "देवा, माझेच कान गेले! फक्त माझेच कान!"

"अगं बया," राजाबाई डोळे पुसत म्हणाली, "कान गेलं म्हनून कोन एवढं हसतंय व्हय!"

ऋतुजाही हसली. गाडी आली तेव्हा बाळाने पोटात अशी लाथ मारली की ती ओरडलीच. दवाखान्यात सगळे तपासून झाले आणि रविवारी सकाळी मुलगी झाली. इकडे चर्चमध्ये "प्रभू उठला आहे," "खरोखर उठला आहे," असे मंडळी म्हणत असताना सिद्धरामचा फोन आला. सलोमीने बाहेर जाऊन तो घेतला आणि परत येऊन बाईंच्या तळहातावर बोटाने लिहिले : मुलगी. दोघी सुखरूप.

उपासना संपल्यावर बाई चर्चचे पाळक शरणप्पा यांच्याकडे गेल्या. त्यांनी सगळे सांगितले आणि म्हणाल्या, "आता मिशनला कळवा. मला परत पाठवतील."

शरणप्पा त्यांच्या कानाजवळ वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "कुठं जाताय बाई? हितंच ऱ्हावा की! कान सलोमीला आहेत. हात तुमचे आहेत. ते तिला शिकवा."

अंगणातल्या सगळ्या मंडळीने ते ऐकले. दोन वर्षे छातीवर ठेवलेला दगड उतरावा तसा बाईंनी श्वास सोडला.

आता मी सलोमीच्या पिशवीत, नव्या यंत्राच्या शेजारी असते. बाई पोट चाचपतात, जागा दाखवतात आणि सलोमी ऐकते. बाईंच्या कानात ऐकण्याचे मशीन बसवले आहे. त्याची शिट्टी वाजली की मुले हसतात, बाईही हसतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. जुन्या वस्तू फेकण्याआधी त्यांचे काम एकदा विचारून घ्या. आणि तुमच्या घरी, शेजारी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर "जाऊ दे, काही नाही," असे म्हणून पाठ फिरवू नका. ते माणूस भीतीपोटी गप्प राहते. त्याच्या जवळ जाऊन बसा आणि पुन्हा एकदा सांगा.