धामणीचा दांडा

मित्रांनो, मी डोलीचा एक दांडा आहे, जातीनं धामण. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर आमची सात घरांची वाडी आहे. वाडीत कोणी फार आजारी पडलं की घोंगडीची झोळी माझ्यावर टांगायची, पुढे दोघांनी आणि मागे दोघांनी मला खांदा द्यायचा आणि दोन तासांची उतरण उतरून माणसाला पोलादपूरच्या दवाखान्यात पोचवायचं. हेच माझं काम.

धामणीचं झाड तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिचा पाला गुरं आवडीनं खातात. सालीचे दोर वळतात. पण तिचा खरा गुण लाकडात आहे, हे मला दत्ताराम सुतारांमुळे कळलं. डोलीसाठी लाकूड निवडायला ते पोलादपूरहून आले, तेव्हा वाडीच्या चांगूनं त्यांना आधी ऐनाचं एक सरळसोट झाड दाखवलं होतं. दत्ताराम हसले.

"ऐन घराला चांगला. तुळई कर, तुझे नातू बघतील. पन खांद्यावर घेशील तर आजाऱ्याच्या आधी तूच आडवा व्हशील."

"मंग खैर?"

"खैराचं मुसळ करावं. सागाचं दार करावं, त्याला वाळवी लागत नाय नि तो आकार सोडत नाय. बांबू हलका, पन वाळल्यावर कधी फुटंल ते सांगत नाय. डोलीला धामणच पायजे. ती वजन घेते, लवते, नि परत सरळ व्हते."

त्यांनी मला करवतीनं कापलं नाही. पाचरी ठोकून ओंडका उभा फाकवला, त्यामुळे माझ्यातले धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिले. मग वर्षभर सावलीत वाळवलं, तासून गोल केलं आणि करंजाचं तेल पाजलं. त्रेपन्न साली मी वाडीत कामाला लागलो.

माझा मालक असा कोणी नव्हता. पण चांगू मला आपलाच समजे. पन्नाशीचा, रुंद छातीचा गडी. पुढचा खांदा नेहमी त्याचा. तापानं फणफणलेली पोरं, साप चावलेला भिकू, अडलेल्या दोन बाया, सगळ्यांना त्यानं माझ्यावरून सुखरूप खाली नेलं होतं. माणूस उतरवून परत आला की माझी पाठ थोपटायचा. एकच हट्ट होता त्याचा. बाईमाणसानं मला हात लावलेला त्याला खपत नसे.

एकदा त्याची भावजय ठकूबाई मला तेल लावायला बसली, तर त्यानं मला तिच्या हातातून ओढून घेतलं.

"वैनी, डोली बाप्यांची हाय. बायकांचा खांदा लागला तर दांडा कायमचा वाकंल."

नवरा गेल्यापासून वीस बकऱ्या आणि एक म्हैस ठकूबाईनं एकटीनं सांभाळली होती. रोज डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन ती तीच उतरण उतरत होती. कड्यावरून पडलेल्या बकऱ्यांचे मोडके पाय ती बांबूच्या कामट्या बांधून असे जोडायची की महिनाभरात बकरी परत कड्यावर. तिनं तेलाची वाटी उचलली आणि ती घरात गेली.

सत्तावन्न सालच्या माघात ते घडलं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडायला चांगू झाडावर चढला होता. पायाखालची फांदी मोडली आणि तो वीस हात खाली आला. आरोळी ऐकून सगळ्या बायका धावल्या. उजवी मांडी मध्येच वाकडी झाली होती आणि बघता बघता सुजत होती.

वाडीतले तरणे पुरुष मुंबईला गिरण्यांत होते. उरलेले तिघे बकऱ्या घेऊन महाडच्या बाजाराला गेलेले, ते दुसऱ्या दिवशी येणार. मागे राहिला होता एक मालोजी, आणि त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"उद्यापातूर थांबू," चांगू दात आवळून म्हणाला.

ठकूबाईनं त्याच्या पायाची बोटं चाचपली. ती गार पडत चालली होती.

"उद्या तुमचा पाय ऱ्हायचा नाय भावजी. कदाचित तुमीबी नाय." आणि सुनेकडे वळून म्हणाली, "आवडी, गोठ्यातला दांडा आन."

"वैनी, दांडा..."

"गप ऱ्हावा. वाकला तर वाकला."

तिनं बकरीसारखाच त्याचा पाय बांधला. दोन्ही बाजूंना कामट्या, मध्ये मऊ चिंध्या, वरून धामणीच्या सालीच्या दोऱ्या. पुढे ठकूबाई आणि आवडी, मागे शेजारच्या साळूबाई आणि जनी. मित्रांनो, खरं सांगतो, मलाही धाकधूक होती. हे खांदे मला नवे होते.

पहिली शंभर पावलं फार वाईट गेली. चौघी चार चालींनी चालत होत्या. मी वर उसळत होतो आणि झोळी भलतीच खाली जात होती. प्रत्येक हिसक्याला चांगू ओरडत होता. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, "थांबा गो! अशा चालल्यात तर पोलादपूर यायच्या आधी मी मरन."

चौघी थांबल्या. चांगूनं झोळीतून वर माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वैनी, दांड्याचं ऐका. तो खाली जातो, मंग वर येतो. वर येतो तवा पाऊल टाकायचं. घाई नाय. मी सांगतो. हं... आता. हं... आता."

आणि तसंच झालं. पाच-पन्नास पावलांत त्यांना माझी चाल सापडली. मी लवायचो, सावरायचो, आणि प्रत्येक हेलकावा माझ्यातच जिरून जायचा. झोळी पाळण्यासारखी चालू लागली. चांगूचं ओरडणं थांबलं. फक्त त्याचं "हं... आता" चालू राहिलं.

अर्ध्या वाटेवर कातळाच्या पायऱ्या आहेत. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. तिथं वाळलेल्या गवतावरून जनीचा पाय सटकला. ती बसकण मारून पडली. तिच्यामागून साळूबाईचाही तोल गेला. माझं मागचं टोक कातळावर आदळलं, पुढचं दोघींच्या खांद्यावर, आणि मध्ये चांगूचं सगळं वजन एकदम लोंबकळलं. मी कमानीसारखा वाकलो. माझ्यातून कर्रकन आवाज आला.

"मोडला!" आवडी किंचाळली.

ठकूबाई जागची हलली नाही. खांदा तसाच धरून म्हणाली, "नाय मोडला. सोडू नकोस गो, अजून लवतोय."

माझा धागा न् धागा ताणला होता. पण एकही मध्येच कापलेला नव्हता. क्षणभर मी तसाच राहिलो, आणि मग हळूहळू सरळ झालो. जनी उठली, साळूबाई उठली. दोघींनी मला पुन्हा खांद्यावर घेतलं. खाली झोळीतून क्षीण आवाज आला, "हं... आता."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, बोटं दाबून पाहिली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"मांडीचं हाड मोडलं आहे. पण रक्त चालू आहे, पाय वाचेल. महाडला न्यावं लागेल. हे बांधलं कोणी?"

"बकऱ्यांचं बांधते मी," ठकूबाई ओशाळून म्हणाली.

"छान बांधलंय. वाटेत फार हिसके बसले असते, तर हाडाच्या टोकानं शीर तुटली असती."

तेव्हा कुठे ठकूबाई खाली बसली. दवाखान्याच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, चारचौघांत ती पदर डोळ्यांना लावून रडली. आवडी तिच्या सुजलेल्या खांद्यावर हात फिरवत राहिली. चांगूला मालट्रकमधून महाडला नेलं.

वैशाखात तो परतला, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. मुंबईहून आलेले पुरुष अंगणात बसले होते. कोणीतरी हसून म्हणालं, "चांगूकाका, बायकांनी दांडा वाकवला का रं?"

चांगूनं मला गोठ्यातून आणून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघ. हाय का वाकडा?" मग तो लंगडत ठकूबाईच्या दारात गेला आणि मला तिच्या हातात दिलं. "वैनी, तेल लावा. माजी पुढची जागाबी आता तुमची."

त्यानंतर आठ वर्षं पुढचा खांदा तिचाच होता, मग तिनं तो आवडीला दिला. एका पावसाळ्यात मात्र कोणीतरी मला ओल्या भुईवर टाकून दिलं. धामणीला ओल आणि वाळवी सोसत नाही. माझं एक टोक पोखरून निघालं. ठकूबाईनं ते वीतभर कापून टाकलं आणि वाडीभर फिरून सगळ्यांना सुनावलं. म्हणून सांगतो मित्रांनो, लाकडाला भुईपासून दूर ठेवा. वर्षातून एकदा तेल पाजा. आणि रानात धामणीचं रोप दिसलं, तर गुरं खातील त्याआधी भोवती चार काट्या रोवा. प्रत्येक लाकूड वेगळ्या कामाला जन्मलेलं असतं.

आता अडुसष्ट साल चालू आहे. खालच्या खिंडीपर्यंत कच्चा रस्ता आला आहे, तिथवर जीप येते. तरी खिंडीपर्यंत माझी गरज पडतेच. मात्र गेल्या दिवाळीपासून मला कोणी बाहेर काढलेलं नाही. कोणाला ताप नाही, कोणी पडलं नाही, कोणी अडलं नाही. मी गोठ्यात पडून असतो, म्हशींचं रवंथ ऐकत. इतका सुखाचा रिकामपणा मला आजवर कधी मिळाला नव्हता.