अठरावं छिद्र

साहेब, काम तुम्ही अडवलं. "कार्डं सादळली, सुई वाकली, कारकून निष्काळजी" असा अहवाल तुमच्या सहीनं वर गेला. पहिली दोन कारणं खोटी आहेत. तिसऱ्याचं मी सांगतो, कारण त्या मंगळवारी सुई माझ्याच हातात होती.

वाशीमच्या आमच्या कचेरीत नोकरीसाठी नावं नोंदवतात. चौऱ्याहत्तर साली तिथं तुमची नवी पद्धत आली. जुनी सात रजिस्टरं लाख लावून कपाटात बंद. त्यातून एकही नाव काढायचं नाही, असा तुमचा हुकूम. आता प्रत्येक उमेदवाराचं एक जाड कार्ड, कडेनं छिद्रं. एक मॅट्रिकचं, एक बाईमाणसाचं, सतरावं राखीव जागेचं. जे लागू असेल त्या छिद्राची कड पकडीनं कापायची. मग गठ्ठ्यात सुई घालून उचलायचं. कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची लटकून राहतात. पडलं त्याला बोलावणं.

त्या दिवशी नर्सच्या ट्रेनिंगची यादी चारच्या अकोला बसनं जायची होती. राखीव जागा चार. रजिस्टरं बंद होण्याआधी हेडक्लार्क दौलतरावांनी या जागांत बसणाऱ्या, मॅट्रिक झालेल्या दहा पोरी मोजल्या होत्या. मॅट्रिक पोरींची कार्डं वेगळी काढून मी सतराव्यात सुई घातली, उचलली. एकच कार्ड पडलं.

खिडकीशी जऊळक्याची वच्छला उभी होती. सकाळच्या गाडीनं आलेली, उपाशी.

"काका, माहं पडलं काय?"

"थांब जरा."

"सादळले असतीन," दौलतराव म्हणाले. "हलव."

हलवली. मग व्हरांड्यात उन्हात घातली. सुई बदलली, सायकलची तार सरळ करून घातली. तेच. नऊ लटकलेली. अडीच वाजले.

"तुमची सुई बी सरकारी दिसते," वच्छला म्हणाली. "जिथं पाह्यजे तिथं अडते."

मी वच्छलाचं कार्ड ओढून काढलं. सतरावं छिद्र कापलेलंच नव्हतं. दुसरं काढलं, तेच. मग नऊही जणींचे अर्ज काढले. नवाच्या नऊ अर्जांवर एकच शब्द: बौद्ध. कोणतं छिद्र कशाचं हे सांगणाऱ्या तुमच्या छापील तक्त्यात सतराव्यासमोर जुन्या जातींची नावं आहेत, हा शब्द कुठंच नाही. तक्त्यात नाही म्हणून कापलं नाही. कोणी? मी. मीही बौद्धच, साहेब. माझ्याच समाजाच्या पोरींची कार्डं मी तक्ता बघून, बिनचूक, कोरी ठेवली होती.

"मंग काप ना सतरावं," दौलतराव म्हणाले. "अर्जावर जुनी जात लिव्ह. कार्ड पडते, पोट्टीचं काम होते."

"माह्या बापानं छप्पन साली सोडली ते," वच्छला म्हणाली. "मी नाही लिवत."

"एका छिद्रानं काय बिघडते वं?"

"काही बिघडत नसन, तं आमच्यासाठी नवं काहून नाही कापत?"

दौलतरावांनी मागं वळून पाहिलं. बौद्धांना सवलत लागू असल्याचं परिपत्रक त्यांच्याच डोक्यामागं भिंतीवर होतं. तक्त्यात अठरा ते वीस छिद्रं मोकळी होती. त्यांनी तुम्हाला ट्रंक कॉल लावला. पाऊण तास लागला. तुम्ही म्हणालात, तक्ता वाढवता येत नाही, प्रस्ताव पाठवा. प्रस्तावाला किती दिवस, विचारलं तर तुम्ही फोन ठेवलात.

साडेतीनला दहा मिनिटं कमी होती. मी पकड उचलली.

"ग्यानबा, नोकरी जाईन तुही!"

"जाऊ द्या."

नवाच्या नऊ कार्डांचं अठरावं कापलं. तक्त्यावर शाईनं लिहिलं: अठरा, बौद्ध. सुई घातली, उचलली. सगळी टेबलावर पडली. दौलतराव म्हणाले, "आन इकडं," आणि यादीवर सही केली. बस सुटता सुटता पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिलं.

आठव्या दिवशी यादी परत आली. नऊ नावांवर लाल रेघ, बाजूला शेरा: "अठरावं छिद्र अमान्य." चार राखीव जागांपैकी एक भरली, तीन मोकळ्या. मी घरी बसलोय, त्याचं रडगाणं गात नाही.

पण ट्रेनिंग सोमवारी सुरू होतं. वच्छला रोज जऊळक्याच्या पोस्टात जाऊन विचारते. साहेब, उमेदवार आहेत, जागा आहेत, परिपत्रक तुमचंच आहे. मग ट्रेनिंगच्या वसतिगृहातल्या त्या तीन खाटा कोणासाठी रिकाम्या ठेवल्यात? याचं उत्तर सोमवारच्या आत लिहून द्या. मला नको, तिला. खाली तुमचं पूर्ण नाव आणि सही.