पदराआड उपाशी राहिलेला पेन

मी एक जुना, पांढरा पेन आहे. मित्रांनो, पेन म्हटल्याबरोबर खिशाला शाईचा डाग शोधू नका. माझ्या पोटात शाई नसते, वीज असते, आणि मी कागदावर नाही, टॅबलेटच्या काचेवर चालतो. माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझे हजारो भाऊ एकाच पट्ट्यावरून सरकत होते आणि कुणालाच नाव नव्हतं. मला नाव मिळालं जळगावात, पिंप्राळ्याच्या एका घरात. तिथल्या लताबाई मला 'कांडी' म्हणतात. फारसं भारदस्त नाही, पण आपलं नाव ते आपलं.

लताबाईंची मुलगी ऋतिका सराफांसाठी दागिन्यांची नक्षी काढते. कोयऱ्या, वेली, मोराच्या माना, सगळं आम्ही दोघांनी मिळून काढलं. कुंदनशेठ नावाचे सराफ तिचं काम पाहून म्हणत, पोरीच्या हातात कला आहे. त्यातली अर्धी स्तुती मी आपल्या नावावर टाकून घेत असे.

माझं जेवण सोपं आहे. टॅबलेटच्या कडेला मला चुंबकाने चिकटवलं की मी चार्ज होतो, आणि त्याच वेळी काचेवर वरच्या बाजूला क्षणभर एक आकडा उमटतो. आकडा उमटला म्हणजे मी जेवतो आहे. माझ्या अंगावर दिवा नाही आणि मला ओरडता येत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

झालं असं की, उन्हाळा लागला आणि घरात धूळ येऊ लागली. टॅबलेट खराब होईल या काळजीने लताबाईंनी जुन्या लुगड्याचं जाडसर कव्हर शिवलं. गोधडीसारखे टाके, काठावर गुलाबी झालर. आईचं मन मोडवेना म्हणून ऋतिकाने ते चढवलं आणि रोज रात्री मला त्या झालरीवरच चिकटवू लागली. चुंबकाची ओढ कापडातून पोचायची, वीज काही पोचायची नाही. मी ताटाजवळ बसून उपाशी उठत होतो. चिकटलेला दिसतोय ना, मग खातही असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

हळूहळू माझी ताकद सरली. रेघ मध्येच तुटायची. मग घरात माझी तपासणी सुरू झाली. ऋतिकाचे वडील निंबाआबा मला कानाशी धरून ऐकत, आत काही गुणगुणतं का. लताबाई ताप बघावा तसा हात लावून बघत. गरम लागलो तर पोट भरलेलं, असा त्यांचा हिशोब. आता जळगावच्या मे महिन्यात गरम काय लागत नाही? माठाखालची तिवईसुद्धा गरम लागते. मी रोज तपासणीत उत्तम उत्तीर्ण होत होतो आणि रोज वाळत होतो. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, म्हणतात ते असं.

नेमकं तेव्हाच मोठं काम आलं. भडगावच्या धुरपदाबाईंना नातीच्या लग्नात आपल्या आईची टीक, म्हणजे गळ्यालगतचा सोन्याचा दागिना, तशीच घडवून द्यायची होती. पण ती टीक फार वर्षांपूर्वी हरवली होती. फोटो नव्हता. होती ती फक्त धुरपदाबाईंच्या डोळ्यांसमोर. त्या सांगतील तसं समोर बसून काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. कुंदनशेठ म्हणाले होते, हे जमलं तर नक्षीचं सगळं काम कायमचं तुझ्याकडे. धुरपदाबाई घरी येणार होत्या त्या दिवशी काळजीने ऋतिकाने ताटाला हातही लावला नाही. आईने विचारलं तर म्हणाली, जेवले.

आणि त्याच सकाळी मी मान टाकली.

निंबाआबांना बॅटरीचे जुने सेल आठवले. "ऊनमा ठेव, ताजा व्हई जाई," ते म्हणाले आणि मला घेऊन गच्चीवर गेले. तिथे लताबाईंच्या बिबड्या वाळत होत्या. ज्वारीच्या त्या पापडांच्या रांगेत मला झोपवलं. शेजारच्या बिबड्या कडक होत गेल्या, मी नरम होत गेलो. दुपारी लताबाईंनी घाईघाईत सगळ्या बिबड्या गोळा केल्या आणि त्यांच्याबरोबर मीही डब्यात गेलो. खाली शोधाशोध. कपाट झालं, सोफा झाला, निंबाआबांचा खिसा दोनदा झाला. धुरपदाबाई आल्या आणि त्यांच्यासाठी बिबड्या तळायला काढल्या तेव्हा मी हाती लागलो. आणखी एक क्षण, आणि मी कढईत असतो.

लताबाईंनी मला पदराने पुसलं. त्यांच्या बोटांना चटकाच बसला. "बठ्ठा भरना," माझं पोट भरलं असं समजून त्या समाधानाने म्हणाल्या आणि मला झालरीवर चिकटवलं.

धुरपदाबाई बसल्या, डोळे मिटले, सांगू लागल्या. ऋतिकाने मला उचललं. मी एक वळण काढलं आणि संपलो. तिने पुन्हा चिकटवलं आणि या वेळी काचेवर नीट पाहिलं. आकडा उमटलाच नाही. तिची नजर झालरीवर गेली आणि तिला सगळं कळलं. पण नुकतंच लताबाईंनी ते कव्हर पाहुणीला कौतुकाने दाखवलं होतं. त्यांच्याच शिलाईने मी उपाशी राहिलो, हे पाहुणीसमोर कसं सांगायचं? मित्रांनो, माझ्या पोटातली वीज संपली होती, पण तिच्या तोंडाकडे पाहून माझ्या जिवाचं पाणी झालं.

शेवटी ती हळूच म्हणाली, "आई, कापडातून त्याला पोचत नाही."

 लताबाईंनी स्वतःच ते कव्हर ओढून काढलं. "मंग आधी का बरं नही सांगं? जेवतांना तोंडवर पदर कोन लेस?"

मला आधी माठापाशी गार केलं आणि मग उघड्या कडेला चिकटवलं. आकडा उमटला. अगदी किरकोळ होता, पण ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून लताबाईंनी तिलाही हात लावून पाहिला. तिचा हात गार पडला होता, म्हणजे पोट रिकामं. त्यांनी ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं. तिने सगळं संपवलं. तोवर माझंही काम चालण्याइतकं झालं होतं.

मग आम्ही काढत गेलो. धुरपदाबाई सांगायच्या, मणी बारीक, मधला थोडा चपटा, नाही, इतका नाही. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी काचेवर वाकून पाहिलं. त्यांचा हात आपल्या मोकळ्या गळ्याशी गेला.

"मनी मायनी टीक शे हाई," त्या म्हणाल्या.

मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच. त्यातली अर्धी मात्र मी घेतली नाही.

ते कव्हर आता बिबड्यांच्या डब्यावर असतं आणि तिथे शोभतं. मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना नुसतं जवळ ठेवू नका. जेवलो का ते विचारा आणि उत्तर डोळ्यांनी पाहा. बोलत्या माणसांचंही तसंच आहे, कारण ती उपाशीपोटी 'जेवले' म्हणतात.

आमच्या घरी आता रोज संध्याकाळी लताबाई विचारतात, "कांडी जेवनी का?" ऋतिका आकडा दाखवते. मग त्या म्हणतात, "आनि तू?" आणि ती काही म्हणाली तरी आधी ताट बघून येतात.