दोनदा नको

आमच्या पश्चिम युटलंडात कुणाच्या घरी गेलात आणि कॉफी विचारली, तर लगेच हो म्हणायचं नसतं. पहिल्यांदा म्हणायचं, नको, आत्ताच घेऊन आलो. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, अर्धा कप चालेल. मग तीन कप प्यायचे आणि वर केकही हाणायचा. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. दोनदा विचारून जो थर्मास खाली ठेवतो तो एक तर चिक्कू, नाहीतर कोपनहेगनचा.

एवाल्ड या बाबतीत अगदी अर्क होता. फ्योर्डच्या खाडीकाठी, आमच्या बंदरात लाकडी होड्या दुरुस्त करणारा आडमाप गडी, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. सुगीच्या नाचाला आस्ताने, म्हणजे पुढे झालेल्या त्याच्या बायकोने, नाचतोस का विचारलं, तेव्हाही दोनदा नको म्हणाला होता. मी तिसऱ्यांदा विचारायला उभी राहिले म्हणून संसार झाला, असं ती येईल त्याला सांगायची, आणि तो खाली मान घालून हसायचा.

दाढ दुखायला लागली तेव्हाही तेच. गाल टम्म सुजला तरी म्हणे, वाईट नाही. दंतवैद्याने काय घरी येऊन तीनदा विचारायला हवं होतं तुला, असं आस्ता पुढे कितीदा तरी म्हणाली. पण तोवर दाढेतला जंतू रक्तातून थेट काळजाला पोचला होता आणि तिथल्या झडपेवर ठाण मांडून बसला होता. झडप पार कुरतडली गेली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात छाती उघडून ती काढली आणि तिच्या जागी धातूची बसवली.

घरी सोडताना सर्जनने आस्ताला बाजूला घेतलं. ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं समजू नका, म्हणाले. हे दुखणं परत येऊ शकतं, वर्षांनीही येऊ शकतं, आणि बसवलेल्या झडपेवर आलं तर पहिल्यापेक्षा वाईट. ताप आला, घाम सुटला, जेवण जाईना, तर वाट बघत बसायचं नाही. रक्त तपासायचं. त्या दिवसापासून आस्ताच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

लोक म्हणायचे, एवाल्ड ठणठणीत झाला. लोकांचं काय जातंय म्हणायला. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली, तिच्यासाठी बोट टोचून तपासणं आलं. दंतवैद्याकडे नुसते दात साफ करायला जायचं तरी आधी औषध घ्यायचं. करवत लागली तर रक्त थांबणार नाही, म्हणून होड्यांचं काम सुटलं. काही दिवस तो बंदरात स्टुलावर बसून पोरांना सांगायचा, ही फळी अशी नको, तशी लाव. पोरं ऐकून घ्यायची, फार आदराने ऐकून घ्यायची, आणि त्या आदरानेच त्याचं मन मोडलं. मग तेही बंद झालं. दुपारी जेवला की गळून जायचा. एकदा तर टीव्हीवर हवामान सांगत होते आणि याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आस्ताने न पाहिल्यासारखं केलं. काय करणार बिचारी, हवामानावर काय समजूत घालायची माणसाची?

एक गंमत मात्र होती. त्या धातूच्या झडपेचा आवाज यायचा. खोली शांत असली की ऐकू यायचं, टिक टिक, टिक टिक. शेजारचा तागे पत्ते खेळायला आला की चिडवायचा, एवाल्ड, तुझं घड्याळ पळायला लागलं, हातात हुकमाचा एक्का आलेला दिसतो. आणि खरंच आलेला असायचा. तोंडावर रेष हलायची नाही गड्याच्या, पण छाती चुगली करायची. आयुष्यभर ज्या नवऱ्याच्या मनातलं ओढून काढावं लागलं, त्याचं मन आस्ताला आता सरळ ऐकू यायला लागलं होतं. आजारपणाने तिला दिलेलं एवढं एकच चांगलं.

अशी नऊ वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात त्याचं जेवण कमी झालं. राय धान्याच्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा ताटात राहायला लागला, आणि सकाळी बनियन ओलं. उकडतंय, तो म्हणायचा. आमच्याकडे कसलं डोंबलाचं उकडतं, जूनमध्येही स्वेटर लागतो! आजच डॉक्टरांना फोन करू, आस्ता म्हणाली. वर्षाची तपासणी चार दिवसांवर होती, तिथेच सांगू म्हणाला. आणि तपासणीला निघताना शहाण्याने तापाच्या दोन गोळ्या घेतल्या. का, तर डॉक्टरांपुढे आजारी दिसायला नको. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात ना, तसं. आस्ताला हे गाडीत बसल्यावर कळलं. ती काय काय बोलली ते इथे सांगत नाही.

डॉक्टर नवीन होती. कोपनहेगनची, तरुण, बोलायला गोड, नाव फिलिप्पा. तिने काळजाची सोनोग्राफी पाहिली, झडप छान चालली आहे म्हणाली. ताप नव्हता. नसणारच. मग तिने विचारलं की एरवी कसं वाटतं. एवाल्ड म्हणाला, वाईट नाही. जरा घाम येतो, पण उन्हाळाच आहे.

फिलिप्पाने त्याच्या जुन्या कागदांवर पुन्हा नजर टाकली. "हवं तर आज रक्त जास्तीचं घेऊन जंतू बघते," ती म्हणाली. "थोडं थांबावं लागेल. घेऊ?"

"नको," एवाल्ड म्हणाला. "तुमचं काम कशाला वाढवायचं."

आणि खोलीत टिकटिक पळायला लागली. आस्ताला स्वच्छ ऐकू आली. हुकमाचा एक्का हातात असल्यासारखी. याला हवं होतं. याला जिवाच्या आकांताने हवं होतं. आता ती पुन्हा विचारेल, आस्ताला वाटलं. पुन्हा विचारेल, हा पुन्हा नको म्हणेल, आणि तिसऱ्यांदा म्हणेल, बरं, आता आलोच आहोत तर. ती डोळ्यांत प्राण आणून फिलिप्पाकडे बघत राहिली.

फिलिप्पा हसली. "ठीक आहे, तुमची इच्छा," ती म्हणाली. "वाटलंच तर फोन करा."

तिचं काही चुकलं नाही. तिच्या गावात माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं, आणि दुसऱ्याच्या नको म्हणण्याचा मान ठेवायचा असतो. ती उठली, हात पुढे केला. आस्ताच्या जिभेवर शब्द होते, गोळ्या घेतल्यात याने, बनियन पिळून निघतं याचं. पण नवरा बोलला असताना त्याच्यादेखत त्याला खोटं पाडायचं, तेही परक्या माणसापुढे? आमच्याकडे तसं करत नाहीत. तिनेही हात मिळवला. आभार मानले. चक्क आभार मानले.

गाडी गावाच्या रस्त्याला लागली. मग एवाल्ड म्हणाला, "एकदाच विचारलं तिने." तक्रार नव्हती ती. नवल वाटत होतं त्याला.

मागे फिर, आस्ता म्हणाली. तो म्हणाला, आता कसं जायचं, निरोप घेऊन आलो. उद्या फोन करू. दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही. नंतरच्या सकाळी तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि उजवा हात त्याचं ऐकेना. आस्ता, ही नाडी बघ गं, एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला. तेव्हाच तिला सगळं कळलं.

जंतू परत आला होता. धातूच्या झडपेभोवती त्याने पू धरला होता, त्यातली एक गुठळी सुटून मेंदूत गेली होती आणि तिथे रक्तस्राव झाला होता. हे सगळं ब्रोर्सन नावाच्या सर्जनने तिला कागदावर चित्र काढून समजावलं. पहिलं ऑपरेशन करणारे केव्हाच निवृत्त झाले होते. ब्रोर्सन भला माणूस, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. फिलिप्पा मागे दाराशी उभी होती. तिचे डोळे लाल होते.

आस्ताने विचारलं, मागच्यासारखी नवी झडप बसवायची ना? ब्रोर्सन म्हणाला, नाही जमणार. ऑपरेशनसाठी रक्त अजून पातळ करावं लागतं, तसं केलं तर मेंदूतला रक्तस्राव वाढेल, आणि एवाल्ड टेबलावरच जाईल. शिवाय झडप शिवायला भोवती धड मांसच उरलेलं नाही. औषधं चालू ठेवू, त्रास होऊ देणार नाही.

आस्ता म्हणाली, अजून एकदा बघा ना. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. ब्रोर्सन म्हणाला, दाखवलं. सकाळी आम्ही सगळे बसलो होतो, सगळ्यांचं एकच मत पडलं.

आस्ताने पदरी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. आयुष्यात तिने कुणापुढे हात पसरले नव्हते. "मी तिसऱ्यांदा विचारतेय," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा, डॉक्टर. करा हो त्याचं ऑपरेशन."

ब्रोर्सनला तिसऱ्यांदाचा अर्थ कळला नाही. "आस्ता, तुम्ही कितीदाही विचारलंत तरी मला हेच सांगावं लागणार," तो म्हणाला आणि तिच्या हातावर हात ठेवला. तिला त्या हाताचा राग आला, आणि राग काढायला कुणीच सापडेना. फिलिप्पावर काढावा तर ती पोर आधीच अर्धमेली झाली होती. नवऱ्यावर काढावा तर तो तसा पडलेला. स्वतःवर मात्र तिने पोटभर काढला. मी का नाही विचारलं तिसऱ्यांदा? नाचाच्या वेळी विचारलं, आणि जीव जात होता तेव्हा मूग गिळून बसले.

ती एवाल्डच्या खोलीत आली. खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्या पांघरुणावर पडलं होतं. तो जागा होता. टिकटिक चालू होती, पण आवाज बसला होता, उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखा. डॉक्टर काय म्हणाले, असं त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. नर्स कॉफीचा थर्मास ठेवून गेली होती. चमच्याने थोडी थोडी द्या, चालेल, म्हणाली होती.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून आस्ताने कप सरळ केला, थर्मास उचलला. तो आता दोनदा नको म्हणेल, ती तीनदा विचारेल, तेवढाच वेळ जाईल, तेवढंच घरच्यासारखं वाटेल. नको म्हणायला त्याला कितीही वेळ लागला असता तरी तिची तयारी होती.

"एवाल्ड," ती म्हणाली, "कॉफी घेतोस?"

"हो," एवाल्ड म्हणाला.

आस्ताने थर्मास खाली ठेवला.  "असं नको रे करू," ती म्हणाली. "नको म्हण. एकदा तरी नको म्हण."

त्याने डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. "हो," तो पुन्हा म्हणाला. "दे."