रविवारची घरची वेळ

आमच्या संस्थेचं ऑफिस चंद्रपुरात आणि चार केंद्रं भामरागडच्या पलीकडच्या जंगलात. प्रत्येक केंद्रात एक नर्स किंवा औषधं देणारा, मदतीला गावातली एक बाई आणि एक वायरलेस सेट. ऑफिसात मोठा सेट, त्यावर मी बसायचो. मला सगळे भैयाजी म्हणत. माझ्या वर गुणवंतराव साहेब.

२००१ च्या उन्हाळ्यात साहेब पुण्याला कसलंसं शिबिर करून आले आणि त्यांना एकदम कळलं की जंगलातल्या कर्मचाऱ्यांना एकटं वाटतं. हे कळायला पुण्याला जावं लागलं, याचं मला अजूनही हसू येतं. तोवर दर मंगळवारी आमची जीप आत जायची. औषधं, किराणा, घरची पत्रं, कुणाच्या आईनं बांधून दिलेली चटणी. कुणी आजारी असलं तर येताना त्याच जीपमध्ये बसून यायचं. कुणाला काही विचारावं लागत नसे.

साहेबांनी नवीन टूम काढली. रविवारी सकाळी घरच्यांनी ऑफिसात यायचं आणि सेटवर आपल्या माणसाशी बोलायचं. तिला नाव दिलं 'घरची वेळ'. आणि आता दर आठवड्याला बोलणं होतंच आहे, तर जीप महिन्याच्या शेवटी एकदा गेली तरी पुरे. डिझेल वाचलं आणि माणसं जोडली गेली, असं त्यांनी ट्रस्टी लोकांना कळवूनही टाकलं.

आता सेटला लाइन एकच. माइकचं बटण दाबून एक बोलला की चारही केंद्रांत ऐकू जायचं, आणि ऑफिसात बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या घरच्यांनाही. मी म्हटलं, "साहेब, एकाचं चालू असताना बाकीच्यांले सेट बंद ठेवाले सांगू का? नवरा-बायकोचं बोलणं राह्यते." साहेब म्हणाले, "भैयाजी, आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात लपवाछपवी कशाला?" माणूस मनानं वाईट नव्हता, पण कान सोडून सगळं होतं त्याच्याकडे.

मग रविवारी काय बोलणं व्हायचं? "कसा आहेस?" "मजेत." "जेवण?" "मस्त." कुणी जरा रडवेलं झालं की दुसऱ्या केंद्रातून प्रणित मध्येच थट्टा करायचा आणि सगळे हसायचे. प्रणित औषधं द्यायचा, पोरगा मोकळा होता. पण आठवडाभर आपली थट्टा होईल या धाकानं हळूहळू सगळेच मजेत राहू लागले. साहेब तेवढं ऐकून खूष.

ताडपल्लीच्या केंद्रात फरहत नर्स होती. तिचा नवरा रईस, त्याचं इथंच पठाणपुऱ्यात शिलाईचं दुकान. घरी दोघं हिंदीत बोलत, पण सेटवर मराठीत, आपण काही चोरून बोलतो असं कुणाला वाटू नये म्हणून. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर फरहतला दिवस गेले होते. हे रईसला ठाऊक, त्याच्या बहिणीला, शाजियाला ठाऊक, आणि केंद्रात मदतीला असलेल्या आशाबाईला. महिनाअखेरच्या जीपनं फरहत घरी येणार होती.

श्रावणातल्या एका रविवारी रईस आला. तिकडून फरहतचा आवाज जरा ओढलेला वाटला.

"अजी, शाजियाआपा नाई आल्या? त्यांच्याशी बोलाचं होतं."

"तिच्याशी काय काम? मले सांग ना."

सेटची खरखर तेवढी. मग प्रणित म्हणाला, "वहिनी, बोला बोला, आम्ही कान बंद केले." बाकावरचे हसले. फरहतही हसली. मग तिनं विचारलं, "जीप या आठवड्यात येऊ शकन का?"

साहेब मागेच उभे होते. त्यांनी रईसच्या हातून माइक घेतला. "फरहतबाई, काही अडचण असेल तर मोकळेपणी सांगा. इथं सगळे आपलेच आहेत."

सगळे आपलेच होते, तीच तर अडचण होती. चार केंद्रांतले पुरुष, बाकावरचे म्हातारे, साहेब. मला त्या क्षणी तो सेट उचलून आपटावासा वाटला.

"नाई साहेब," फरहत म्हणाली. "मजेत आहो."

आशाबाईनं नंतर सांगितलं, शुक्रवारपासून तिला रक्त जात होतं. ती नर्स होती, तिला सगळं समजत होतं. बुधवारी सकाळी मी ताडपल्लीला हाक मारली तर आशाबाईच बोलली. सेट तिनं आधी कधी हातात धरला नव्हता. गावच्या माणसांनी फरहतला खाटेवर घालून हेमलकशाच्या दवाखान्याकडे नेलं होतं. नाल्याला पूर होता. पाणी उतरायची वाट बघत ती काठावरच गेली.

पुढच्या रविवारी साहेबांनी सेटवर शोकसभा ठेवली. प्रत्येक केंद्रानं दोन शब्द बोलायचे. रईस आपल्या नेहमीच्या वेळेला आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं माइक घेतला.

"माझ्या बायकोले रक्त जात होतं," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. "हे आता तुमाले सगळ्यांले आयकू आलं ना? एवढंच बोलाचं होतं तिले. तुमच्यासमोर नाई बोलता आलं."

त्यानं बटण सोडलं. मग सर्वांत लांबच्या केंद्रातून दिव्यानीचा आवाज आला. तीही नर्स, नेहमी हसून बोलणारी.

"भैयाजी, मलेबी तिसरा महिना आहे. मी कोणाले सांगतलं नाई. मले भेव लागून राह्यलं. गाडी धाडा."

तिच्या मागोमाग प्रणित. "माहा ताप उतरतच नाई, भैयाजी. खोटं बोलत होतो मी."

रईसनं माइक साहेबांसमोर धरला. साहेब माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "भैयाजी, जीप तर महिनाअखेरीची ठरली आहे. एकदा मधेच पाठवली की मग सगळेच मागतील."

रईसचं बोट बटणावर होतं. चारही केंद्रांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी एकेका केंद्राला हाक मारली. कुठूनच उत्तर आलं नाही. ताडपल्लीहून शेवटी आशाबाई बोलली. "इथी कोणी नाई, भाऊ," ती म्हणाली. "दिव्यानीबाई आताच इथून गेल्या. तिन्ही केंद्रांतले सगळे पायीच निंगले. नाल्याले अजून पाणी आहे."