हसळीची घट

आमच्या ह्मोंग लोकांत माणसाला पुरताना अंगावर धातू ठेवत नाहीत. बटणंसुद्धा कापून काढतात. म्हणून माझी बायको माय यिआ गेली आणि तिची गळ्यातली चांदीची हसळी घरात राहिली.

पुढं माझ्या मुलाचं लग्न ठरलं. त्याचं नाव तू गेर. मुलीकडच्यांनी देज म्हणून चांदीच्या चार लगडी मागितल्या. नोटा चालणार नाहीत, दागिना चालणार नाही, लगडच पाहिजे. तीन घरात होत्या. हसळीचं वजन एका लगडीपेक्षा किंचित जास्त होतं. तेव्हा ती घेऊन मी फोन्सावानच्या बाजारात ब्लियाच्या चांदीच्या दुकानात गेलो.

ब्लिया माझ्या बायकोच्या कुळातली. मला भाऊजी म्हणते. भाऊजी म्हटल्यावर भाव पाडून सांगणं तिला सोपं जातं.

तिनं हसळी काट्यावर ठेवली, मग उलटी करून पुन्हा ठेवली.

"भाऊजी, हिच्यात जागोजाग सांध्यांना डाख लावलाय. आगीत घातली की डाख जळून जातो. शंभरात आठ घट धरावी लागते."

"म्हणजे लगड होत नाही."

"थोडी कमी पडते. वरचे पैसे तुम्ही भरा, मी तयार लगड देते. घरचं माणूस म्हणून मजुरी निम्मी."

"तयार नको. हिचीच ओत."

"चांदी ती चांदी. तिच्यावर काय नाव असतं?"

"मग हिचीच ओतायला काय जातं? मी बसतो."

"आज कोळसा नाही."

मी बाहेर जाऊन कोळशाचं पोतं घेऊन आलो. ब्लियानं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझी बहीण तुमच्याबरोबर इतकी वर्षं कशी राहिली?"

"तीही हेच विचारायची."

"बरं, ऐका. घट धरत नाही. हसळी ठेवा, पूर्ण लगड घ्या आणि घरी जा."

"आणि हसळी?"

"ती माझी झाली. वितळवीन नाहीतर चाटत बसेन, तुम्हाला काय करायचंय?"

तिथंच मला तिचा धंदा कळला. घेताना ती आगीत जाणाऱ्या चांदीचे पैसे कापते, आणि दागिना आगीत जातच नाही. चिंचेनं घासायचा आणि वर घडणावळ लावून विकायचा. नवीन वर्षाच्या सणाला अमेरिकेत जाऊन राहिलेले आपले लोक येतात. त्यांना आजीच्या काळातलं काहीतरी पाहिजे असतं. मग ते कुणाच्याही आजीचं चालतं.

मी म्हणालो, "ब्लिया, सणाच्या मैदानात ही हसळी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात दिसली तर मी माय यिआ म्हणून हाक मारीन. सगळ्यांसमोर. माझं मला माहीत आहे."

ब्लियानं हसळी काट्यावरून उचलली. मग म्हणाली, "अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला देते. तिकडं जाऊन हाक मारणार आहात?"

"ते लोक दर सणाला परत येतात."

"मग सुनेला घाला की! लोकांच्या सुना काय नागड्या गळ्यानं येतात?"

हे मला घरीही सगळ्यांनी सांगून झालं होतं. सुनेच्या गळ्यात म्हणजे ती रोज सकाळी चुलीपाशी माझ्या डोळ्यांसमोर. मी नकाराची मान हलवली.

"लगड आणि वर एक डुकराचं पिल्लू," ब्लिया म्हणाली. "लग्नाला उपयोगी पडेल."

"भट्टी पेटव."

ती उठली. मागच्या पडवीत गेलो. भट्टीत राख नव्हती. पेंढा होता, आणि पेंढ्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. भात्याच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं.

"शंभरात आठ," मी म्हणालो.

"अंडी उबवायला ऊब चांगली असते म्हणून बसवली."

"तिच्या खाली आग कधी होती?"

"भाऊजी, कोंबडी उचला. ती मला चोचा मारते."

मी कोंबडी उचलली. ती मलाही मारत होती. अंडी टोपलीत ठेवली. ब्लियानं कोळसा पेटवला आणि मी भाता ओढला. हसळी मुशीत मावेना, तेव्हा तिनं कात्री मागितली. मी दिली. तिनं चार तुकडे केले. मी भाता ओढत राहिलो. तुकडे आधी तांबडे झाले, मग कडा बसल्या, मग पाणी झालं. डोळ्यांत धूर गेला. ब्लियाच्या डोळ्यांतही गेला असावा.

थंड झाल्यावर लगड काट्यावर ठेवली. शिवाय साच्यात न मावलेला एक लहान तुकडा उरला होता. दोन्ही मिळून वजन जवळपास पहिल्याइतकंच भरलं. ब्लियानं काट्याला टिचकी मारली.

"काटा बिघडलाय."

"सकाळी चांगला होता."

"हा तुकडा मजुरीचा. आणि बाजारात घटीचं काही बोलू नका."

"बोलत नाही."

"कोंबडी आता बसणार नाही परत. अंडी गेली," ती म्हणाली.

लग्नाच्या बोलणीला मुलीकडच्या मध्यस्थानं चारही लगडी एकेक करून तोलल्या, खिळ्यानं ओरखडून पाहिल्या आणि म्हणाला, "सगळ्या सारख्या आहेत." मुलीच्या बापानं त्या फडक्यावर एकावर एक रचल्या. तू गेरनं माझ्याकडं पाहिलं. मी दारूचा पेला उचलला. डुकराचं मटण चांगलं झालं होतं, सगळे पोटभर जेवले. फडकं बांधून पेटीत ठेवेपर्यंत मी त्या चारांतली माय यिआच्या हसळीची कुठली ते शोधत होतो. सापडली नाही.